६×६ ला सहा रेघा, ४×५ ला एकच. माझ्या कोडमध्ये काय चुकतंय?

हिशेबी_पेठकर:
मंडळी, पेशाने अकाउंटंट, चित्रकलेचा गंध नाही. जुन्या बाजारात एका रविवारी रांगोळ्यांची पिवळी पडलेली वही मिळाली, वीस रुपयांना. कुणीतरी चौकटीच्या वहीत हाताने काढलेल्या. तेव्हापासून हे वेड. ‘७ ते ४ मधले ठिपके’ (३७ होतात, मोजलेत) अशा जोडायच्या रांगोळ्या पी-फाईव्ह जेएसमध्ये (कोड लिहून चित्रं काढायचं साधन) दोन रविवारांत जमल्या. अडलंय ते मागच्या पानांवर. तिथे रेघ ठिपक्याला शिवतच नाही, वळसे घालत फिरते आणि निघाली तिथे परत येते.

मी ब्राउझरमध्ये पान केलंय: ओळी आणि रकाने सांगा, रेघ निघते. प्रत्येक सुट्या रेघेला वेगळा रंग. ४×५ ला एकच रंग. ४×६ ला दोन. ६×६ ला सहा! तीन रात्री चूक शोधली, शेवटी बायकोने वायफाय बंद केलं. कुणाला दिसतेय का?

कॅरमकट्टा:
चूक नाहीच काका, मसावि आहे. ४ आणि ५ चा १, ४ आणि ६ चा २, ६ आणि ६ चा ६.

तुमची रेघ म्हणजे पंचेचाळीस अंशात मारलेला स्ट्रायकर, कडांवर आपटत फिरणारा. प्रत्येक ठिपक्याभोवती रेघेचे चार तिरके तुकडे. ४×६ ला ठिपके २४, म्हणून तुकडे ९६. स्ट्रायकर मूळ जागी येतो तो आडव्या आणि उभ्या दोन्ही फेऱ्या पुऱ्या झाल्यावर, म्हणजे लसाविच्या चौपट तुकड्यांनी: १२ × ४ = ४८. ९६ भागिले ४८, रेघा दोन. शाळेतलं ‘लसावि × मसावि = दोन संख्यांचा गुणाकार’ ते हेच. अंगोलातले चोक्वे लोक वाळूत अशाच रेघा काढतात, त्यावर मोझांबिकचे गणितज्ञ पाउलुस गेर्डेस यांनी भरपूर लिहिलंय.

रेघा एक करायच्या तर दोन वेगळे रंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे आरसा ठेवा. छेदण्याऐवजी दोन्ही रेघा तिथून माघारी वळतील आणि दोनाची एक होईल. ६×६ ला किमान पाच आरसे. एकाच रंगाच्या छेदावर ठेवलात तर उलट तुकडे पडू शकतात, सांभाळून.

रास्तापेठ_मामी:
याला आमच्या तमिळमध्ये सिक्कु कोलम म्हणतात, ठिपक्याला पुळ्ळी. माहेर कुंभकोणमचं, पण चाळीस वर्षं पुण्यात. तुमचा मसावि मला ठाऊक नव्हता, पण चौकोनी काढायची तर मी सहा बाय सहा घेतच नाही, पाच बाय सहा घेते. सासूबाईंनी तसंच शिकवलं, का ते सांगितलं नाही. मार्गळीत (आमचा डिसेंबर-जानेवारीतला महिना) पहाटे थंडीने बोटं आखडलेली असतात, तेव्हा पीठ सोडता सोडता हात उचलावा लागला की सगळा ताल जातो. आणि रेघ नेहमी ठिपक्याच्या बाहेरून सुरू करा, मध्ये घुसून नको.

बाकी हे तुमच्याआधी झालंय. मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट आणि राणी सिरोमणी यांनी सत्तरच्या दशकात कोलमचं व्याकरण कॉम्प्युटरच्या भाषेत मांडलं होतं. माझा भाचा त्याच विषयात आहे म्हणून कानावर आलं.

हिशेबी_पेठकर:
मामी, शेजारच्या दोन आकड्यांचा मसावि नेहमी १ च! तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

कॅरमकट्टा, काल पाच आरसे लावले. सहा रंगांचा एक झाला, पण डावं-उजवं सारखं राहिलं नाही, तोल ढळल्यासारखं दिसतं. तेव्हा आता ५×६ च घेतोय. आजच दारात खडूने काढून पाहिली. आमचा उंबरा अरुंद, पाचवी ओळ शेजारच्यांच्या चपलांखाली गेली.

कॅरमकट्टा:
३×४ घ्या काका.