बाबा, अण्णा, दादा : वडिलांना मारायच्या हाका

'बाबा' फारसीतून आला, म्हणून 'बाप' हाच अस्सल मराठी, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. फारसीत आणि तुर्कीत बाबा म्हणजे वडील, हे खरं. पण आपल्याकडे प्राकृतात 'बप्प' होताच. शिवाय तान्हं मूल ओठ मिटून-उघडून पहिल्यांदा जे आवाज काढतं ते प, ब, म. त्यामुळे एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतही पापा, अप्पा, बाबा अशाच हाका ऐकू येतात. एकट्या फारसीच्या खात्यावर हा शब्द टाकू नये.

मला याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ही हाक दोन्ही बाजूंनी जाते. संस्कृतात 'तात' म्हणजे वडील (आपला 'तात्या' त्यातलाच), पण गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनालाच 'तात' म्हणतो. 'बाबा'चंही तेच. लेक बापाला बाबा म्हणते आणि बाप लेकीला म्हणतो, "जपून जा गं बाबा." बाबागाडीत तर बसतं तान्हं मूलच!

अण्णा आणि दादांची गोष्ट आणखी वेगळी. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, वडील म्हणजे अप्पा. आमच्या घरात मात्र वडीलच अण्णा. कारण साधं आहे. एकत्र कुटुंबात धाकटे काका, आत्या त्यांना अण्णा म्हणायचे, तेच आमच्या कानावर पडलं. कितीतरी घरांत वडील 'दादा' किंवा 'भाऊ' झाले ते असेच. चुलत भावंडांचं ऐकून स्वतःच्या वडिलांना 'काका' म्हणणारी माणसंही मी पाहिली आहेत. त्या एका हाकेत अख्खं घर सापडतं.

'वडील' ही मात्र हाक नव्हे. त्याचा मूळ अर्थ थोरला. वडील भाऊ, वडीलधारी यांत तो अजून शिल्लक आहे.

'बाप' शब्दाची आज जी अवस्था झालीय तिचं मला खरंच वाईट वाटतं. "तुझा बाप" म्हटलं की भांडणच. पण ज्ञानदेवांच्या अभंगांत नाममुद्रा (कवीची शेवटची सही) येते ती 'बापरखुमादेवीवरु' अशी, म्हणजे रखुमाईचा पती विठ्ठल हाच बाप, आणि गणपतीला आपण आजही किती लडिवाळपणे बाप्पा म्हणतो. मालवणीत 'बापूस' म्हणताना कुणाचा अपमान होत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत 'पाय' म्हणतात, तो थेट पोर्तुगीज.

एक विचारायचंय. आमच्या पिढीत आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो' होतं. आता 'ए बाबा' सर्रास ऐकू येतं, आणि मला ते फार गोड वाटतं. पण ज्या घरांत अण्णा, अप्पा, तात्या म्हणतात, तिथेही 'ए अण्णा' झालंय का? आमच्याकडे अजून कुणाची जीभ वळलेली नाही.