अनुभव धागा: तान्ह्या बाळाचं दूध, झोप, अंघोळ. नाशिककर आयांनो, बाबांनो, आज्यांनो, लिहा

बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "दूध पुरत नाहीये वाटतं त्याला". बाळ जरा रडलं की भेटायला आलेली प्रत्येक जण हेच म्हणते आणि संध्याकाळी घरात पावडरचा डबा येतो. माझ्या बहिणीचे दिवस भरत आलेत, कॉलेज रोडला असते, ऐन थंडीत बाळ येणारे आणि रोज फोनवर प्रश्न, किती वेळा पाजायचं, गुटी द्यायची का, अंघोळ कधी, गुंडाळायचं किती. डॉक्टर सांगतात पण बाहेर लाईन असते, सगळं विचारून होत नाही. तर तुमच्या घरी काय झालं, कशाचा उपयोग झाला ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

इंदिरानगरची आई:
माझं सिझर. तरी सिस्टरांनी पहिल्या तासाभरातच बाळ छातीशी लावलं, मला नीट वळताही येत नव्हतं, त्यांनीच धरलं. चीक अगदी थोडा येतो, घट्ट पिवळसर, सासूबाईंना वाटलं एवढ्याने काय होणार, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटच इतकं लहान असतं की तेवढं पुरतं. भरपूर दूध उतरायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो, सिझरला कधी अजून थोडा उशीर. तोवर बाळाला लावत राहायचं, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा, कारण बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध तयार होतं. बोंडाला चिरा पडून रडू यायचं मला. मग एका सिस्टरांनी दाखवलं की नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला. बाळ आपल्याकडे ओढायचं, आपण बाळावर वाकायचं नाही. दुखणं त्यानंतर कमी होत गेलं.

म्हसरूळहून:
"पुरतंय का" याचं उत्तर रडण्यावरून काढूच नका ताई. लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले झाले, शू फिक्कट असली आणि वजन वाढत असलं तर पुरतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, साधारण ७ ते १० टक्क्यांपर्यंत, आणि दोनेक आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. आमच्याकडे हे आधी माहीत होतं म्हणून डबा आला नाही. संध्याकाळी मात्र आमचा लेक दर अर्ध्या तासाने मागायचा, तासन्‌तास. या वयात बाळं असं करतात, ते दूध आटल्याचं लक्षण नाही, त्या वेळी कुणीतरी आईच्या हातात जेवणाचं ताट द्या एवढंच.

आशाताई, दिंडोरी तालुका:
दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतो, वजन-ताप बघतो, तेव्हा मनातलं सगळं विचारा, लाजू नका. घरोघरी सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा उगाळलेला दिसतो, वर मधाचं बोट. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू ढिले पडू शकतात. सहा महिने पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. नाळेला तेल, हळद, राख काही लावू नका, कोरडी ठेवा, आठ-पंधरा दिवसांत आपोआप पडते. आणि हे पाठ करा: बाळ ओढायचं थांबलं, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जातेय, झटके आले, तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट बघायची नाही, १०२ किंवा १०८ ला फोन.

सातपूरचा बाबा:
आमची मुलगी लवकर झाली, वजन दोन किलोच्या आत. काचेतून बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले कांगारू करा, म्हणजे बाळ फक्त लंगोट-टोपडं घालून आपल्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं आणि वरून कापड बांधायचं. बायकोला विश्रांती हवी म्हणून अंबडची शिफ्ट संपली की मी बसायचो. माझ्या छातीवर ती लगेच झोपायची, हातपाय गरम व्हायचे. तिला ओढायची ताकद नव्हती तेव्हा बायको वाटीत दूध काढायची आणि आम्ही चमच्याने पाजायचो, बाटली घेतलीच नाही. वडिलांनी हे करायचं असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मुद्दाम लिहितोय. करा भाऊ.

पंचवटीची आजी:
माझ्या मुलांना काजळ, धुरी, शेगडी सगळं केलं, तेव्हा तशीच रीत होती. नातीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी कारणं सांगितली ती पटली. काजळात शिसं असू शकतं, धुराने एवढुशा छातीला त्रास, बंद खोलीत कोळशाची शेगडी तर जिवावरची. मालीश मात्र मी सोडली नाही, हलक्या हाताने, नाकाकानात तेल न सोडता. पहिली अंघोळ एक दिवस उलटल्यावर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत गारठा असतो, निफाडकडे विचारूच नका, तेव्हा मी रोज न्हाऊ न घालता कोमट पाण्याने पुसून घ्यायचे. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एक जास्त, टोपडं, मोजे, बस. पाय सरळ करून आवळून बांधू नका गं, खुब्याला बरं नसतं. झोपवायचं पाठीवर, उशी नको, मोहरीचीही नको, तोंडावर गोधडी नको.

नाशिकरोडहून:
काविळीबद्दल. बाळ तिसऱ्या दिवशी पिवळं दिसायला लागलं, सगळे म्हणाले कोवळ्या उन्हात धरा. आम्ही तपासायला नेलं, बिलिरुबिन जास्त निघालं, निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि उतरलं. बहुतेक बाळांची कावीळ आपली आपण जाते पण किती आहे ते डोळ्याला कळत नाही आणि ऊन हा त्यावरचा इलाज नाही. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला किंवा शी पांढरट झाली तर लगेच दाखवा. आणि व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिलेत तर रोज द्या, आईच्या दुधात ते पुरेसं नसतं.

गंगापूर रोडहून:
मला पावडर द्यावी लागली, वैद्यकीय कारणाने, आणि इतकी बोलणी ऐकली की लिहिताना अजून हात थरथरतो. ज्यांना लागते त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. पाणी उकळलेलं, प्रमाण डब्यावरचंच, पुरवण्यासाठी पातळ करायची नाही, उरलेलं ठेवायचं नाही. बाईला बोलू नका हो, तिच्यावर तेव्हा काय चाललेलं असतं तिलाच माहीत.

सिडकोतली, नोकरी करणारी:
२६ आठवड्यांची रजा मिळाली, नंतरही दूध काढून ठेवलं. स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात, बाहेर चारेक तास, फ्रीजमध्ये २४ तास. गॅसवर उकळायचं नाही, कोमट पाण्यात भांडं ठेवायचं. छातीत घट्ट गाठ येऊन ताप आला तरी पाजणं थांबवू नका, त्याच बाजूने पाजा आणि डॉक्टरांना दाखवा.

एक प्रश्न, देवळाली कॅम्पहून:
आठवड्याच्या बाळाची छाती सुजल्यासारखी आहे, मालीशवाल्या मावशी दाबून दूध काढायचं म्हणतात, काढू देऊ का?

म्हसरूळहून:
नाही, हात लावू देऊ नका. आईच्या हार्मोन्समुळे मुलगा असो मुलगी असो असं होतं आणि काही आठवड्यांत आपोआप बसतं, दाबलं तर पू होऊ शकतो. लाल झालं किंवा ताप आला तर मात्र आजच दाखवा. सध्या तिथे तेल चोळायला पण मावशींना नको म्हणा.