‘रडार बघा नि निघा’ हा सल्ला कोकणाला नको

सड्यावरचा:
आमच्या गावच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरत होती: ‘ते रेड-ऑरेंज अलर्ट सोडा, मोबाइलवर लाइव्ह रडार लावा. हिरवं दिसलं की निघा, लाल दिसलं की थांबा.’ डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.
पावसाचे ढग टिपणारी ही रडार कुठे आहेत? मुंबईत कुलाबा आणि वेरावली, खाली पणजी. रत्नागिरी सरळ रेषेत मुंबईपासून 200 किलोमीटरच्या पुढे, पणजीपासून दीडशेच्या पुढे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा किरण आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा तीन-चार किलोमीटर उंचीवर असतो. आषाढातला आमचा पुष्कळसा पाऊस बुटक्या ढगांतून पडतो, तो त्याच्या खालीच राहतो. चित्रात हलक्या पावसाचा फिकट हिरवा ठिपका आणि इथे पागोळ्यांची दोरी तुटत नाही. हिरवं बघून कुणी पोराबाळांना घेऊन आंबा घाटात शिरलं तर?

कुर्ला_फास्ट:
पोस्ट माझीच. मुंबईसाठी लिहिली होती, तुमच्या ग्रुपवर कुणी ढकलली मला काय माहीत! रेड अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला, अख्ख्या दिवसाचा. मी ऑफिसातून पाचला निघू की साडेसहाला, हे तो सांगत नाही. रडारवर समुद्रावरून येणारी सर दिसते, दहा-पंधरा मिनिटांनी चित्र बदलतं, पुढच्या अर्ध्या-पाऊण तासाचा अंदाज बांधता येतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. तेव्हा मुंबईत असं डॉप्लर रडार नव्हतं. आता आहे, तर बघायचं नाही?

माडाखाली:
दोघांनाही विचारते, तुम्ही बघता ते रडारच असतं ना? बऱ्याच अॅपमध्ये जी रंगीत फिल्म फिरते ती कॉम्प्युटर मॉडेलने काढलेला पुढचा अंदाज असते. ‘उद्या संध्याकाळचं रडार’ म्हणून स्क्रीनशॉट पाठवणारे नातेवाईक आहेत माझे! उद्याचं रडार असतं का कधी? चित्रावरची वेळ बघायची सवय तरी लावा लोकांना.

वाशिष्ठीकाठ:
रडार घेऊन बसा तुम्ही. 22 जुलै 2021 ला आम्ही चिपळूणात माळ्यावर बसून होतो, खाली फ्रीज तरंगत होता. पाऊस वर डोंगरात, पाणी आमच्या घरात. भरतीची वेळ, नदीतला गाळ, कोळकेवाडी धरणाचं अवजल (कोयनेची वीज तयार करून झाल्यावर इकडे सोडलेलं पाणी), यातलं रडारवर काय दिसतं?

कुर्ला_फास्ट:
पण पुराचा विषय कुणी काढला होता? मी लोकल पकडण्याबद्दल बोलतोय.

घाटमाथा:
अवजल, अवजल! पोफळीला वीज तयार होते म्हणून ते पाणी येतं, आणि वीज तुम्हीही वापरता. गाळ किती वर्षं साचू दिला ते बोला. पूररेषेत बांधकामं कुणी केली?

वाशिष्ठीकाठ:
आमचं घर आजोबांच्या वेळचं आहे. कोयनेचं पाणी सह्याद्री फोडून या बाजूला आणलंय ते नंतर. मूळ नदीचं नव्हे ते पाणी! वरून किती सोडलं, कधी सोडलं, हे आम्हाला त्या रात्री कुणी सांगितलं नाही. घाटमाथ्यावर बसून आम्हाला पूररेषा शिकवू नका.

घाटमाथा:
त्या रात्री सांगायला हवं होतं, एवढं मान्य. पण त्या पावसात अवजल बंद असतं तरी पूर आलाच असता.

वाशिष्ठीकाठ:
हे तुम्ही चिखल उपसून झाल्यावर बोला. वाशिष्ठी आणि शिव नदीचा गाळ काढायला घेतला तो पूर येऊन गेल्यावर.

सड्यावरचा:
अहो, अवजलाचा वेगळा धागा काढा. विषय रडारचा आहे.

खळ्यावरची:
मग माझं ऐका. आमची लांज्याकडे भातशेती. ऑक्टोबरात कापलेलं भात शेतात वाळत पडलेलं असतं, आणि संध्याकाळी गडगडाट येतो तो समुद्राकडून नव्हे, घाटाकडून. पुतण्या दुपारनंतर रडार लावून बसतो. वर देवरुखकडे लाल दिसलं की हाक मारतो, आम्ही भारे बांधून खळ्यात आणतो आणि ताडपत्री ओढतो. गेल्या हंगामात शेजाऱ्यांचं भात भिजून कोंब आले, आमचं वाचलं. आता सांगा, रडार कोकणात चालत नाही म्हणून?

सड्यावरचा:
काकी, ते ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतात, म्हणून लांबूनही दिसतात. ऑक्टोबरापुरतं तुमचं खरं धरतो. आषाढात मात्र नाहीच. कुर्लावाले, पोस्टवर ‘फक्त मुंबई-ठाण्यासाठी’ असं ठळक लिहा.

कुर्ला_फास्ट:
लिहितो. पण ‘अलर्ट सोडा’ काढणार नाही.

माडाखाली:
तेच आधी काढा हो! घाटात दरड कोसळणार की नाही ते तुमच्या अर्ध्या तासाच्या चित्रात येत नाही.

वाशिष्ठीकाठ:
आणि धरणातून पाणी सोडल्याचंही नाही.