पहिली एकवीस : तुम्ही कुठं मोडलात?

डाव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख परवा मोज्याबरोबर निघून आलं. सप्टेंबरात पळालो आणि नख गेलं दिवाळीनंतर, म्हणजे शरीराने बिल जरा सावकाशच पाठवलं. म्हणून हा धागा. वेळ आणि मेडलचे फोटो पुष्कळ पाहिलेत. पहिल्या हाफ मॅरेथॉनला, म्हणजे एकवीस किलोमीटरला, नेमकं कुठं आणि कशानं मोडलात, तेवढं लिहा.

माझ्यापासून सुरुवात. मी साताऱ्याचाच, करंजेत राहतो. यवतेश्वरचा घाट मला नवा नाही. शाळेत असताना सायकली ढकलत कासकडे गेलोय. सातारा हिल मॅरेथॉनची धास्ती सगळ्यांना असते ती याच चढाची, कारण समर्थ मंदिर सोडलं की रस्ता जो वर तोंड करतो तो खाली बघतच नाही. चार महिने मी फक्त चढलो. दर रविवारी घाट चढायचा, वर टपरीवर चहा घ्यायचा आणि मित्राच्या गाडीवर मागे बसून खाली यायचं. आता हसू येतं, पण तेव्हा यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी चढ झकास झाला. कासच्या रस्त्याला वळसा घेतला तेव्हा धुकं होतं, भुरभुर पाऊस होता. म्हटलं, आता काय, गडगडत घरी. सोळाव्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्या. दम शाबूत, छाती शांत, पण पाय टेकला की गुडघा आपला आपण वाकायचा. नंतर समजलं, उतारावर मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतो. ताणला जात असतानाच त्याला सगळं वजन पेलावं लागतं आणि त्यात त्याचे तंतू बारीक बारीक फाटतात. चढात दम जातो, उतारात मांस जातं. तीन तास चार मिनिटं लागली. पुढचे तीन दिवस जिना उलटा उतरलो. शेजारच्या काकूंनी बायकोला हळूच विचारलं, ह्यांना काही झालंय का?

शाहूपुरीहून :
मी सुरुवातीलाच मोडले होते. पाळी आदल्या रात्री आली, चार दिवस लवकर. सकाळी बायकांच्या स्वच्छतागृहापुढची रांग पाहून परत जावंसं वाटलं. पळाले, पण निम्म्याहून जास्त चाललेच. घाटात शाळेच्या पोरी लेझीम खेळत होत्या. त्यातली एक माझ्याबरोबर वीसेक पावलं चालत आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्या बाईंसारख्या दिसता." मी खरंच शिक्षिका आहे. मग रडायला यायला लागलं, का ते माहीत नाही. पूर्ण झाली. पुढच्या वेळी कमरेला पाऊच बांधणार आणि वेदनाशामक गोळीबद्दल आधी डॉक्टरांशी बोलणार. उपाशीपोटी पळताना मनानेच गोळी घेऊ नये एवढं मात्र कळलंय.

सांगलीहून :
आमच्याकडं चढ म्हणजे आयर्विन पुलाचा! सांगली ते मिरज पळायचं तर नजर पोचेल तिथपर्यंत सपाट. शेवटी दंडोबाच्या डोंगरावर जाऊन सराव केला, त्यामुळं चढ-उतार दोन्ही निभावलं. मला बुडवलं पाण्यानं. कुणीतरी सांगितलेलं, तहान लागायच्या आत पी. मी पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले प्यायलो. अठराव्याला डोकं जड, मळमळ, बोटातली अंगठी निघेना. तंबूतल्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं असेल तर "पाणी किती प्यायलात?" संथ पळणाऱ्यांचं असं होतं म्हणे. अंगात पाणी वाढतं आणि रक्तातलं मीठ पातळ होतं. जास्त झालं तर जिवावर बेततं. आता तहान लागली तरच पितो.

माण तालुक्यातनं :
माझी अजून पुरी झाल्याली न्हाई, तरी लिहितो. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या, मोहीच्या. २०१६ ला रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसच्या, म्हंजी अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलात धावून दहाव्या आल्या. त्यामुळं आमच्याकडच्या प्रत्येकाला वाटतं, पळणं आपल्या रक्तातच हाय. मला बी वाटलं. पहिलं पाच किलोमीटर असा सुटलो की मागं बघितलंच न्हाई. घाटाच्या मध्यावर कठड्यावर बसलो ते बसलोच. मागनं गाडी आली, त्यात बसून खाली. बिब, म्हंजी छातीवरचा नंबर, खिशात घातला. गावात विचारलं तर सांगतो, "झाली की." हितं खरं लिहिलंय, कुणी गावाकडं सांगू नका.

कराडहून, दोनच ओळी :
सुती बनियन घालून २१ किलोमीटर पळू नका. पुरुषांनो, छातीला व्हॅसलीन लावा. फोटोत रक्ताचे दोन डाग आलेत, आईने फ्रेम करू दिली नाही.

धागाकर्त्यास, नखाबद्दल :
उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा आपटतो. बूट अर्धा नंबर मोठा घ्या आणि घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून नाडी आवळा. नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. मी तेच केलं होतं.

सदरबझारहून, वय ६१ :
मी मोडलो शेवटच्या रेषेच्या पलीकडे. निवृत्त झाल्यावर मुलीने अंतर मोजणारं घड्याळ घेऊन दिलं, त्याच्यावर माझा फार विश्वास. रेषा ओलांडली तर घड्याळ २०.८ दाखवतंय. बेचाळीस किलोमीटर १९५ मीटरचं निम्मं म्हणजे २१.०९७५ हे मला पाठ. आयुष्यभर हिशेब तपासले, तीनशे मीटरची तूट सोडवेना. घाटाच्या वळणांत ही घड्याळं चुकतात, हे तेव्हा कुठं माहीत? मेडल गळ्यात अडकवून मैदानातच फेऱ्या मारायला लागलो. पाय लाकडासारखे. बहुतेक लोक पोहे खाऊन गेलेले. दुसऱ्या फेरीला पिंडरीत असा गोळा आला की आडवाच झालो. मंडपवाल्याचा पोरगा धावत आला, पाय ताणून दिला, पाणी पाजलं. मग म्हणाला, "काका, जरा बाजूला सरकता का? सतरंजी गुंडाळायचीय."