जुन्या अलॉय व्हीलची चकाकी घरी परत आणता येईल का?

रत्नागिरीकर
बाबांच्या जुन्या मारुती एस्टीम गाडीला बाहेरून बसवून घेतलेले अलॉय आहेत. वरचं लॅकर पापुद्र्यासारखं सुटलंय आणि खाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरल्यात. दुकानदार म्हणतो नवे घ्या, पण बाबांनी हौसेने घेतलेत, मला हेच वाचवायचेत. घरात ड्रिल मशीन आहे. कॉस्टिक सोड्याने रंग काढू का? टायर उतरवावेच लागतील? एका चाकाची हवा हळूहळू जाते.

बफिंगवाला, कोल्हापूर
कॉस्टिकला हात लावू नका. ते रंगाबरोबर अॅल्युमिनियमही खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. साधा पेंट रिमूव्हर आणा, हातमोजे घालून उघड्यावर लावा. टायर उतरवाच. रिमूव्हर रबराला लागता कामा नये, आणि हवा बहुधा रिमच्या कडेला, टायर बसतो तिथल्या गंजातून जातेय. ती जागा हाताने साफ करा. तारेचा ब्रश नको, लोखंडाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच पुन्हा गंज धरतो.

आता खरं काम. लोक पॉलिशच्या ट्यूबवर पैसे घालतात, पण चमक घासायच्या कागदातून येते. पाण्याचा पेपर, म्हणजे ओला करून घासायचा सँडपेपर, 320 नंबरपासून धरा, मग 400, 600, 800, 1000, 1500, 2000. एक नंबर आडवा घासलात तर पुढचा उभा घासा. आधीचे ओरखडे लगेच दिसतात, आणि ते सगळे जाईपर्यंत पुढचा कागद उचलायचा नाही. बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघा, समोरून काहीच कळत नाही. नंतर ड्रिलला कापडी बफ, म्हणजे चमकवायची चकती, लावून ऑटोसोल ही धातूची पॉलिश घासा. काळा चिखल निघेल, तो पुसत चला.

एक मात्र ऐका: फक्त बाहेरची मशीन केलेली कड चमकवा. आरे ओतीव असतात, त्यात बारीक छिद्रं निघतात, घासाल तितकी नवी. त्यांना प्रायमर आणि सिल्व्हर रंगच शोभतो.

मालवणची गाडी
आमच्याकडे खाऱ्या हवेत नुसतं पॉलिश एक पावसाळाही टिकत नाही. वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकर, मारा. त्याआधी थिनरने पॉलिशचा तेलकटपणा पूर्ण काढा, नाहीतर कोट सोलून निघतो.

रत्नागिरीकर
दोघांचेही आभार. एका चाकाला आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसतेय. घासून जाईल का?

बफिंगवाला, कोल्हापूर
थांबा. नखाला अडकते का बघा. रंग काढल्यावरही रेघ तिथेच दिसली तर तडा समजा आणि ते चाक गाडीला लावू नका, वेल्डिंगही नको. हवं तर बाबांसाठी घरात ठेवा. बाकीची लावताना नट बसतात त्या खाचा आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी मागची बाजू कोरी ठेवा, तिथे रंग गेला की नट सैल होतात. बॅलन्सिंग करून घ्या, आणि 80-100 किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळा.