किनेमातले प्रोटिएज (प्रथिनं पचवणारं एंझाइम) देणारे जिवाणू वेगळे करायचे आहेत, पण सगळी प्लेटच पारदर्शक होते

प्रश्न: सिक्कीमचा किनेमा (आंबवलेलं सोयाबीन) आहे. १० ग्रॅम नमुना ९० मिली सलाइनमध्ये (०.८५ टक्के) कालवला, हजारपट विरल केला आणि ०.१ मिली दुधाच्या आगरवर पसरवला. ३७ अंशांवर ४८ तासांनी कॉलन्या एकमेकींत मिसळल्या आणि दूध सगळीकडे पचलं. नॅटोकायनेजसारखं (रक्ताच्या गाठीतलं फायब्रिन हे प्रथिन विरघळवणारं) एंझाइम देणारी कॉलनी कशी निवडायची?

कसनळी: हजारपट फारच कमी झालं. किनेमात ग्रॅममागे १० कोटींच्या घरात बॅसिलस असतात, म्हणजे लाखपट विरल केलेल्यातून ०.१ मिली घेतलं की शंभरेक कॉलन्या येतील. त्याआधी तारेचा बंदोबस्त करा. दाणा उचलला की जी चिकट तार लोंबते ती पॉलिग्लुटामिक आम्लाची. जिवाणू तिच्यातच गुंतून बसतात आणि मोजणी चुकते. काचेचे मणी घालून दोन मिनिटं व्हॉर्टेक्स करा, दर पायरीला टिप बदला. प्लेट ४८ तास ठेवू नका, १६-१८ तासांनीच वाचा. पृष्ठभाग ओला असेल तर कॉलन्या रांगत पसरतात, म्हणून ओतलेल्या प्लेटा आधी नीट वाळवा. आणि दूध आगरात घालून ऑटोक्लेव्ह केलंत का? ते फाटतं, तपकिरी होतं. वेगळं निर्जंतुक करून ५० अंशांच्या आसपास मिसळा.

राखेचं_पाणी: फक्त बॅसिलस हवे असतील तर पहिलं मिश्रण ८० अंशांवर १० मिनिटं ठेवा. एंटेरोकॉकस आणि यीस्ट मरतात, बीजाणू तगतात. आकडा मात्र घसरेल, तेव्हा कमी विरल केलेल्याही प्लेटा लावा. (किनेमा करताना लाकडाची राख घालतात, त्या अल्कलीचा फायदाही बॅसिलसलाच होतो.)

मुख्य मुद्दा वेगळाच आहे: दुधावरचं वलय केसिन (दुधातलं प्रथिन) पचल्याचं सांगतं, फायब्रिनचं नाही. निवडलेल्या कॉलन्यांचं द्रवात कल्चर करा, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव फायब्रिन प्लेटच्या विहिरींत २०-२० मायक्रोलिटर घाला. अ‍ॅगरोज ४५ अंशांपर्यंत उतरल्याशिवाय फायब्रिनोजेन (ज्याचं फायब्रिन बनतं) मिसळू नका, ५६ अंशांच्या आसपास ते साकळतं आणि प्लेट गढूळ होते. थ्रॉम्बिन (फायब्रिनोजेनचं फायब्रिन करणारं एंझाइम) शेवटी, आणि झटपट ओता. शेजारच्या विहिरीत तोच द्रव १ मिलिमोलर पीएमएसएफ (सेरिन प्रोटिएज बंद पाडणारं रसायन) घालून ठेवा. तिथलं वलय नाहीसं झालं तर एंझाइम सेरिन प्रोटिएज आहे. नॅटोकायनेज त्याच सबटिलिसिन कुळातलं, २७५ अमिनो आम्लांचं. पण सबटिलिसिन बहुतेक सगळेच बॅसिलस सबटिलिस बनवतात, त्यामुळे एवढ्यावर ‘नवं एंझाइम सापडलं’ म्हणू नये.

प्लेटवाला: ८० अंशांत बॅसिलस सीरियसचे बीजाणूही तगतात, आणि तोही दूध पचवतो! खाण्याच्या विरजणासाठी निवडत असाल तर हे आधी तपासाच. एमवायपी (मॅनिटॉल, अंड्याचा बलक आणि पॉलिमिक्सिन असलेल्या) आगरवर सीरियस गुलाबी येतो, भोवती पांढरा साका. सबटिलिस मॅनिटॉल आंबवून पिवळा. सीरियसचं सीर्युलाइड विष उकळूनही जात नाही, म्हणून शंका आली तरी ती कॉलनी टाकून द्या. ओळख पक्की करायला नुसता १६एस (जिवाणू ओळखण्याचं नेहमीचं जनुक) पुरत नाही, सबटिलिस आणि त्याचा जवळचा नातलग वेलेझेन्सिस त्यात सारखेच दिसतात. गायरेज-बी जनुकाचा क्रम घ्या.