मदत हवी आहे: हर्नियाच्या पिशवीत अपेंडिक्स, जाळी बसवावी का?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. वडिलांच्या (वय ६८) उजव्या जांघेत जुना हर्निया आहे. पूर्वी आडवे झाल्यावर आत जाणारी सुपारीएवढी गाठ आता खोकला आला की वृषणाकडे उतरते आणि हाताने दाबूनही पूर्ण आत जात नाही. सीटी स्कॅनमध्ये पिशवीत आतड्याऐवजी अपेंडिक्स आढळले. या दुर्मीळ प्रकाराला अम्यांड हर्निया म्हणतात. १७३५ मध्ये लंडनचे सर्जन क्लॉडियस अम्यांड यांनी अकरा वर्षांच्या मुलाच्या हर्नियातून अपेंडिक्स काढले होते.

अपेंडिक्स सुजलेले असल्यास ते काढून, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी बहुधा जाळी (पोटाच्या कमकुवत भिंतीला आधार देणारी कृत्रिम जाळी) न बसवता टाक्यांनीच दुरुस्ती करतात, असे समजले. वडिलांचे अपेंडिक्स मात्र निरोगी दिसते. एक सर्जन म्हणतात, त्याला हात न लावता जाळी बसवू; दुसरे म्हणतात, काढूनच टाकू. मला पहिले मत पटते, कारण निर्जंतुक शस्त्रक्रियेत अपेंडिक्स कापणे म्हणजे संसर्गाला वाट करून देणे. पण वडिलांच्या जिवाचा प्रश्न असल्याने मन धजावत नाही.

बांबोळीला किंवा मडगावला अशी शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तसेच येथील डॉक्टरांनी कृपया सांगावे: अपेंडिक्स ठेवले तर पुढे त्रास होतो का, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना दुर्बिणीची शस्त्रक्रिया बरी की उघडी?